पेशीय संदेशवहन मार्ग आणि त्वचेच्या कर्करोगाची वाटचाल : मेलॅनोमाच्या विशेष संदर्भात

सारांश

त्वचेच्या कर्करोगात पेशीतील संदेशवहन मार्ग बिघडलेले असतात, हे विधान आता पदवी वर्गाच्या पाठ्यपुस्तकांतही आढळते. तथापि बिघडलेला एखादा मार्ग आणि प्राणघातक कर्करोग यांच्यामध्ये बरेच अंतर असते. बी-रॅफ या जनुकातील एकच उत्परिवर्तन अंगावरच्या निरुपद्रवी तिळातही सापडते आणि फुप्फुसापर्यंत पसरलेल्या मेलॅनोमातही सापडते. हे अंतर कोणत्या टप्प्यांनी कापले जाते, आणि तोच संदेश औषधाने थांबविला असता तो अन्य पेशींत उलट का बळावतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : संदेशवहन मार्ग, मेलॅनोमा, बी-रॅफ, हेजहॉग, पेशीय वार्धक्य, औषधप्रतिरोध

प्रस्तावना

त्वचा हे मानवी शरीराचे सर्वांत मोठे आणि सर्वाधिक उघडे असे इंद्रिय आहे. तिच्या बाह्यस्तरातील पेशी सतत झिजतात, गळून पडतात आणि तळाच्या थरातून नव्याने तयार होतात. ही अखंड भरपाई चालू राहण्यासाठी विभाजनाचा आदेश वारंवार द्यावा लागतो आणि तितक्याच वेळा तो मागे घ्यावा लागतो. आदेश देण्याची व मागे घेण्याची ही व्यवस्था म्हणजेच पेशीचे संदेशवहन होय.

त्वचेच्या कर्करोगाचे तीन प्रमुख प्रकार आहेत. बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या पेशींशी साधर्म्य दाखविणारा तो आधारपेशी कर्करोग, त्यावरील केराटिनपेशींपासून होणारा तो शल्कपेशी कर्करोग, आणि मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या रंगपेशींपासून होणारा तो मेलॅनोमा. पहिला प्रकार गौरवर्णीय लोकांत अतिशय सामान्य असून तो क्वचितच दूर पसरतो. मेलॅनोमा संख्येने पुष्कळच कमी आढळतो, परंतु त्वचेच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी मोठा वाटा त्याचाच असतो. एकाच इंद्रियात, बहुधा एकाच सूर्यप्रकाशाखाली होणाऱ्या या रोगांचे स्वभाव इतके भिन्न का, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी त्यांच्या संदेशवहन मार्गांत सापडते.

हे मार्ग पाठ्यपुस्तकांत बहुधा वरून खाली जाणाऱ्या बाणांच्या सरळ रेषेने दाखविले जातात. अध्यापनाच्या सोयीसाठी ती आकृती ठीक असली, तरी कर्करोगाच्या संदर्भात ती दिशाभूल करते. बाणांच्या मालिकेतील एक बाण तोडला की रोग थांबेल, असा समज तिच्यातून निर्माण होतो. गेल्या दोन दशकांचा अनुभव काही वेगळेच सांगतो.

संदेश येतो आणि संपतो

निरोगी त्वचेतील एका परिचित घटनेपासून आरंभ करणे सोयीचे ठरेल. उन्हात फिरल्यावर त्वचा काळवंडते. वरवर साध्या वाटणाऱ्या या घटनेमागे दोन पेशींमधील संवाद आहे. अतिनील किरणांमुळे केराटिनपेशीतील डीएनएची हानी होते. त्या हानीची दखल पी-५३ हे प्रथिन घेते व एका मोठ्या पूर्वगामी प्रथिनाची निर्मिती वाढविते. त्याचे तुकडे होऊन रंगपेशींना चेतविणारे अल्फा-एमएसएच हे संप्रेरक तयार होते. पी-५३ची ही भूमिका २००७ मध्ये प्रकाशात आली. हे संप्रेरक शेजारच्या रंगपेशीच्या पृष्ठभागावरील एमसी-१-आर या ग्राही प्रथिनाला जाऊन बिलगते, पेशीच्या आत चक्रीय एएमपी या दूतरेणूची पातळी वाढते, एमआयटीएफ हा नियामक घटक सक्रिय होतो आणि मेलॅनिन तयार होऊ लागते. तयार झालेले मेलॅनिन पुन्हा केराटिनपेशीला पुरविले जाते व ते तिच्या केंद्रकावर छत्रीसारखे पसरते. एक रंगपेशी अशा सुमारे ३६ केराटिनपेशींच्या संपर्कात असते.

ऊन टळले की हा संदेश ओसरतो, ही येथील महत्त्वाची बाब आहे. संदेशवहन मार्गात आदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनांइतकीच तो विझविणारी प्रथिनेही असतात, आणि बहुतेक वेळा स्वतः आदेशच आपल्या विझविणाऱ्याला जन्म देतो. अभियांत्रिकीत यास ऋण प्रत्याभरण म्हणतात. कर्करोगाच्या अभ्यासात प्रारंभी आदेश देणाऱ्या प्रथिनांकडेच लक्ष अधिक गेले; विझविणाऱ्यांचे महत्त्व मागाहून लक्षात आले.

हेजहॉग मार्ग : एकच तुटलेला लगाम

आधारपेशी कर्करोगाची कथा तुलनेने सरळ आहे. ख्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी १९८० मध्ये फळमाशीच्या भ्रूणविकासाचा अभ्यास करताना एक जनुक शोधले. ते बिघडले असता अळीचे अंग साळिंदरासारख्या दिसणाऱ्या हेजहॉग या प्राण्याप्रमाणे काटेरी दिसे, म्हणून त्या जनुकास तेच नाव पडले. या संशोधनासाठी त्या दोघांना एडवर्ड लुईस यांच्यासमवेत १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी माशीच्या अळीवरील हे काम त्वचारोगतज्ज्ञांच्या उपयोगी पडेल असे फारसे कोणास वाटले नसावे. पुढच्याच वर्षी ते घडले.

या मार्गात पॅच्ड नावाचे प्रथिन स्मूदन्ड नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला दाबून ठेवते. हेजहॉग हा संदेशरेणू येऊन पॅच्डला बिलगला की दाब सुटतो, स्मूदन्ड मोकळे होते आणि जीएलआय हे घटक केंद्रकात जाऊन विभाजनाची जनुके चालू करतात. भ्रूणावस्थेत अवयवांची घडण होताना ही यंत्रणा अत्यावश्यक असते. प्रौढ त्वचेत ती बहुतांशी केसांच्या मुळांपुरती उरते. १९९६ मध्ये दोन संशोधक गटांनी दाखवून दिले, की गॉर्लिन लक्षणसमूह या आनुवंशिक विकारात पॅच्डचे जनुक सदोष असते. या रुग्णांना तरुण वयापासून आधारपेशी कर्करोगाच्या अनेक गाठी होत राहतात. आनुवंशिक दोष नसलेल्या सामान्य रुग्णांच्या गाठींतही बहुधा हेच जनुक बिघडलेले आढळते, आणि त्या बिघाडावर अनेकदा अतिनील किरणांची खूण असते. लगाम तुटला, घोडा उधळला, एवढ्या शब्दांत या रोगाचे वर्णन करता येते.

या मार्गाला अडविणारा पहिला रेणू सापडला तोही आडवाटेनेच. अमेरिकेतील आयडाहो राज्यात १९५० च्या दशकात काही मेंढ्यांना कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा असलेली कोकरे होऊ लागली. शोध घेता असे आढळले, की गर्भधारणेच्या चौदाव्या दिवसाच्या सुमारास मेंढीने व्हेराट्रम कॅलिफोर्निकम ही रानटी वनस्पती खाल्ल्यास असे होते. त्या वनस्पतीतील अल्कलॉइडास ग्रीक पुराणातील एकाक्ष राक्षसावरून सायक्लोपामीन हे नाव देण्यात आले. तो हेजहॉग मार्ग रोखतो हे १९९८ मध्ये कळले, आणि त्याचे नेमके लक्ष्य स्मूदन्ड आहे हे त्यानंतर काही वर्षांनी. याच लक्ष्यावर काम करणारे व्हिस्मोडेगिब हे औषध जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत संमत झाले. गॉर्लिन लक्षणसमूहाच्या रुग्णांवरील चाचणीत, औषधाविना दर रुग्णास वर्षाकाठी सरासरी २९ नव्या गाठी होत असताना औषध घेणाऱ्यांत ते प्रमाण २ वर आले.

एवढे यश असूनही औषध घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांनी दुष्परिणामांमुळे ते सोडले. स्नायूंत गोळे येणे, केस गळणे आणि चव जाणे या त्यांच्या प्रमुख तक्रारी होत्या. केसांची मुळे आणि जिभेवरील रुचिकलिका यांना हाच हेजहॉग संदेश लागतो, हे ध्यानी घेतले म्हणजे यात आश्चर्य उरत नाही. गाठीचा म्हणून वेगळा असा मार्ग पेशीत नसतो. शरीर ज्या वाटेने आपले नित्याचे काम करते, तीच वाट रोगाने बळकावलेली असते.

रंगपेशीतील रास-रॅफ मार्ग

मेलॅनोमाच्या बाबतीत मात्र गुंतागुंत पुष्कळ वाढते. येथे मुख्य मार्ग रास, रॅफ, एमईके आणि ईआरके या चार प्रथिनांच्या साखळीचा आहे. वृद्धिघटक पेशीबाहेरील ग्राही प्रथिनाला बिलगतो. आतील बाजूस रास हे प्रथिन जीटीपीशी बद्ध होऊन सक्रिय होते. ते रॅफ प्रथिनांच्या जोड्या जुळवून आणते. रॅफ एमईकेवर आणि एमईके ईआरकेवर फॉस्फेट गट चढविते. फॉस्फेट चढणे म्हणजे कळ दाबली जाणे. अखेरीस ईआरके केंद्रकात शिरून विभाजनाच्या जनुकांना चालना देते. याच वेळी ते स्प्राउटी, डीयूएसपी यांसारख्या विझविणाऱ्या प्रथिनांचीही निर्मिती करविते.

ब्रिटनमधील सँगर संस्थेच्या कर्करोग जनुकसंच प्रकल्पातील संशोधकांनी २००२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात असे प्रसिद्ध केले, की त्यांनी तपासलेल्या मेलॅनोमांपैकी ६६ टक्क्यांत बी-रॅफ जनुक उत्परिवर्तित आहे. पुढील मोठ्या पाहण्यांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास स्थिरावले. यांपैकी बहुसंख्य उत्परिवर्तने एकाच जागी होतात : प्रथिनातील ६०० व्या स्थानी व्हॅलीनऐवजी ग्लुटामिक आम्ल येते. त्यास व्ही-६००-ई असे संबोधले जाते. या एका बदलाने बी-रॅफची क्रियाशीलता सुमारे ५०० पट वाढते. शिवाय सामान्य रॅफला काम करण्यासाठी जोडीदार लागतो. हे बदललेले प्रथिन एकटेच काम करते आणि रासच्या आदेशाची वाटही पाहत नाही. जोडी लागण्या-न लागण्याचा हा तपशील वरवर किरकोळ वाटतो, परंतु औषधांच्या विवेचनात तोच निर्णायक ठरणार आहे.

येथे एक विसंगती नमूद करणे आवश्यक आहे. अतिनील किरणांमुळे डीएनएमध्ये होणारा नमुनेदार बदल म्हणजे सायटोसीनच्या जागी थायमीन येणे. व्ही-६००-ई मध्ये थायमीनच्या जागी अॅडेनीन येते. अर्थात, मेलॅनोमाचा सर्वांत परिचित बिघाड सूर्यप्रकाशाची ठरावीक स्वाक्षरी धारण करीत नाही. सूर्यप्रकाशाचा संबंध नाकारण्याचे मात्र कारण नाही. पुढील टप्प्यांवरील अनेक बिघाडांवर ती स्वाक्षरी स्पष्टपणे उमटलेली असते.

तीळ मेलॅनोमा का होत नाही?

बी-रॅफचा शोध लागल्यानंतर एका वर्षातच, २००३ मध्ये, एक अनपेक्षित निष्कर्ष हाती आला. अंगावरच्या साध्या तिळांची तपासणी केली असता त्यांपैकी ८२ टक्क्यांत बी-रॅफचे उत्परिवर्तन आढळले. प्रौढ गौरवर्णीय व्यक्तीच्या अंगावर असे कित्येक तीळ असतात आणि बहुतेक आयुष्यभर जसेच्या तसे राहतात. ज्या बिघाडाला रोगाचे इंजिन म्हणून संबोधले जात होते, ते इंजिन लाखो निरोगी लोकांच्या त्वचेत बंद अवस्थेत पडून होते.

या कोड्याचा उलगडा २००५ मध्ये अॅम्स्टरडॅम येथील नेदरलँड्स कर्करोग संस्थेच्या गटाने केला. व्ही-६००-ई असलेली रंगपेशी आरंभी काही काळ वेगाने विभागते व नंतर विभाजन कायमचे थांबविते. ती मरत नाही, पण पुन्हा विभागतही नाही. यास पेशीय वार्धक्य म्हणतात. संदेशाचा अतिरेक हाच पेशीला धोक्याची सूचना वाटतो आणि पी-१६ यांसारखी रोधक प्रथिने विभाजनचक्राला कुलूप लावतात. या दृष्टीने पाहता तीळ म्हणजे जागच्या जागी रोखला गेलेला कर्करोगाचा प्रयत्न होय.

त्यामुळे मेलॅनोमाच्या वाटचालीचा अभ्यास हा वस्तुतः ही कुलुपे कशी तुटतात याचा अभ्यास आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या कामात ३७ मेलॅनोमा आणि त्यांना लागूनच असलेले त्यांचे मूळ डाग यांतील जनुकीय बदल शेजारी शेजारी ठेवून वाचण्यात आले. निखळ सौम्य डागांत बी-रॅफ व्ही-६००-ई एवढाच बदल होता. मधल्या अवस्थेतील डागांत एनरास अथवा अन्य बदलांसह टेलोमरेज जनुकाच्या नियंत्रक भागात उत्परिवर्तन दिसू लागले. पी-१६ चे जनुक दोन्ही प्रतींतून नाहीसे होणे हे मात्र आंत्वचेत घुसलेल्या गाठींपुरतेच आढळले.

यातील टेलोमरेजचा दुवा विशेष लक्षणीय आहे. दर विभाजनागणिक गुणसूत्रांची टोके तोकडी होत जातात आणि त्यामुळे पेशीच्या विभाजनांना मर्यादा पडते. टेलोमरेज हे विकर ती टोके पुन्हा वाढवून देते. म्हणून बहुतेक प्रौढ पेशींत ते बंद ठेवलेले असते. २०१३ मध्ये असे दिसून आले, की तपासलेल्या मेलॅनोमांपैकी सुमारे ७० टक्क्यांत या जनुकाच्या नियंत्रक भागात बदल झालेला असतो, आणि त्या बदलामुळे तेथे ईटीएस गटातील नियामकांना बसण्यासाठी नवी जागा तयार होते. हे नियामक ईआरकेच्या आदेशाने सक्रिय होणारे आहेत. म्हणजे बी-रॅफपासून निघालेला जो संदेश तिळात निष्फळ ठरला होता, त्याला अमरत्वाच्या जनुकाचे दार उघडून मिळते. दोन बिघाडांची येथे बेरीज होत नसून गुणाकार होतो.

दुसरे कुलूप पीटीईएन या प्रथिनाचे. ते पीआय-३-कायनेज आणि एकेटी यांच्या समांतर मार्गाला आवर घालते. हा मार्ग पेशीला तगून राहण्याचा संदेश देतो. २००९ मधील उंदरांवरील प्रयोग या संदर्भात बोलका आहे. रंगपेशींत केवळ व्ही-६००-ई चालू केले असता उंदरांत रंगपेशींची वाढ झाली, पण मेलॅनोमा झाला नाही. त्याच्या जोडीला पीटीईएन काढून टाकताच सर्व उंदरांत अल्पावधीत मेलॅनोमा झाला आणि तो लसिका ग्रंथी व फुप्फुसांपर्यंत पोचला.

विकृतिशास्त्रज्ञांना ही वाटचाल सूक्ष्मदर्शकाखाली फार आधीच दिसली होती. वॉलेस क्लार्क यांनी १९६९ मध्ये गाठ त्वचेत किती स्तर खोल गेली आहे यावरून, आणि अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये तिच्या मिलिमीटरमधील जाडीवरून रोग्याचे भवितव्य वर्तविण्याची पद्धत मांडली. आरंभी गाठ बाह्यत्वचेत आडवी पसरते, नंतर उभी खाली उतरते. उभ्या वाढीच्या वेळी रंगपेशी आपल्या पृष्ठभागावरील ई-कॅडहेरिन हे चिकटप्रथिन टाकून एन-कॅडहेरिन धारण करते. पहिल्याने ती केराटिनपेशींना जोडलेली होती. दुसऱ्याने ती आंत्वचेतील तंतुपेशींशी आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराशी संधान बांधते. छत्तीस शेजाऱ्यांच्या धाकात राहणारी पेशी अशा रीतीने घर सोडते. आजही शल्यचिकित्सक पहिला निर्णय ब्रेस्लोच्या जाडीवरूनच घेतो. १ मिलिमीटरपर्यंतची गाठ वेळीच कापून काढल्यास बहुसंख्य रुग्ण बरे होतात. एवढ्या साऱ्या रेणवीय ज्ञानानंतरही एका मोजपट्टीचे महत्त्व कमी झालेले नाही, हे येथे सांगितलेच पाहिजे.

औषध आणि त्याचा उलटा परिणाम

पसरलेल्या मेलॅनोमावर दीर्घकाळ डकारबाझिन या औषधाखेरीज फारसा आधार नव्हता. व्ही-६००-ई प्रथिनास अचूक अडविणाऱ्या वेम्युराफेनिबची ६७५ रुग्णांवरील चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. ४८ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीयरीत्या आक्रसल्या. डकारबाझिन घेणाऱ्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. सहा महिन्यांअखेर पहिल्या गटातील ८४ टक्के, तर दुसऱ्या गटातील ६४ टक्के रुग्ण हयात होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये औषधास अमेरिकेत संमती मिळाली.

परंतु याच चाचणीत औषध घेणाऱ्या सुमारे १८ टक्के रुग्णांच्या त्वचेवर नवेच अर्बुद उगवले : शल्कपेशी कर्करोग, किंवा त्याचे सौम्य रूप असलेला केराटोअॅकँथोमा. एका त्वचाकर्करोगावरील औषधाने दुसरा त्वचाकर्करोग व्हावा, हे सकृद्दर्शनी अतर्क्य होते. त्याचे कारण २०१० मध्ये तीन स्वतंत्र गटांनी प्रयोगशाळेत शोधून ठेवलेले होते. रॅफला जोडीने काम करावे लागते हा वर उल्लेखिलेला तपशील येथे उपयोगी पडतो. ज्या पेशीत बी-रॅफ सामान्य आहे पण रास सक्रिय आहे, तेथे औषध जोडीतील एका रॅफला बिलगते आणि त्यामुळे दुसऱ्याला उलट चेतना मिळते. ईआरकेचा संदेश थांबण्याऐवजी वाढतो. उन्हात आयुष्य काढलेल्या त्वचेतील काही केराटिनपेशींत रासचे उत्परिवर्तन आधीच झालेले असते. त्या निद्रिस्त पेशींना औषधाने जाग आली. २०१२ मध्ये अशा ३५ गाठी तपासल्या असता त्यांतील २१ मध्ये रासचे उत्परिवर्तन सापडले. एकच रेणू रंगपेशीत विझवतो आणि तिच्या सख्ख्या शेजारणीत पेटवतो. बाणांच्या सरळ आकृतीतून ही गोष्ट कधीही उमगली नसती.

यावर निघालेला उपाय तर्कशुद्ध होता. साखळीतील पुढची कडी, म्हणजे एमईके, सोबतच अडविल्यास उलटी चेतना तेथेच थांबावयास हवी. डाब्राफेनिब व ट्रॅमेटिनिब या जोडीला २०१४ मध्ये संमती मिळाली. एकट्या वेम्युराफेनिबशी तुलना करणाऱ्या चाचणीत नव्या शल्कपेशी अर्बुदांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले. दोन औषधे दिल्याने दुष्परिणाम वाढण्याऐवजी एक गंभीर दुष्परिणाम जवळजवळ नाहीसा व्हावा, अशी उदाहरणे औषधशास्त्रात विरळच. ताप येण्याचे प्रमाण मात्र या जोडीने वाढले.

प्रतिरोध

जोडीनेही रोग कायमचा आटोक्यात येतो असे नाही. या जोडीने उपचार केलेल्या ५६३ रुग्णांच्या पाच वर्षांच्या पाठपुराव्यात ३४ टक्के रुग्ण हयात होते, आणि रोग न वाढता राहिलेले १९ टक्के. पूर्वीच्या मानाने ही प्रगती मोठी आहे. तरीही दर पाचांपैकी चौघांत रोगाने पुन्हा उचल खाल्ली किंवा मृत्यू ओढवला.

प्रतिरोधाच्या वाटा अनेक असल्या तरी त्यांच्यामागील तत्त्व एक आहे. ईआरके शांत झाले की त्याने निर्माण केलेली विझविणारी प्रथिनेही ओसरतात, आणि त्यांनी दाबून ठेवलेले वरचे ग्राही मोकळे होतात. औषधाने रोगाचा संदेश थांबविताना पेशीचा स्वतःचा लगामही सैल केलेला असतो. या मोकळ्या अवकाशात जी पेशी एनरासचे नवे उत्परिवर्तन, बी-रॅफ जनुकाच्या वाढीव प्रती, किंवा जोडी जुळवू शकणारे आखूड बी-रॅफ प्रथिन घेऊन येते, तिची सरशी होते. यातील बहुतेक वाटा फिरून ईआरकेकडेच येतात, आणि काही पीआय-३-कायनेजच्या समांतर मार्गाने जातात.

आतड्याच्या कर्करोगाचे उदाहरण येथे विषयांतर वाटले तरी बोधप्रद आहे. त्यातही काही रुग्णांत हेच व्ही-६००-ई असते. त्यांना वेम्युराफेनिब दिले असता २१ पैकी एकाच रुग्णास प्रतिसाद मिळाला. २०१२ मध्ये कारण कळले : आतड्याच्या पेशींवर ईजीएफआर हा ग्राही विपुल असतो, आणि बी-रॅफ थांबताच तो तत्काळ उसळी घेतो. रंगपेशीवर तो अत्यल्प असतो, म्हणून तेथे औषधाला निदान काही महिने मिळतात. उत्परिवर्तन तेच, औषध तेच. पेशीचे कूळ वेगळे असल्याने निष्पत्ती वेगळी.

याच अनुभवामुळे उपचारांचा क्रमही बदलला. रोगप्रतिकारक्षम पेशींवरील रोध उठविणारी निव्होल्युमॅब व इपिलिम्युमॅब ही औषधे आधी द्यावीत की बी-रॅफ-एमईके रोधक आधी, याची थेट तुलना करणाऱ्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये जाहीर झाले. प्रतिकारोपचार आधी दिलेल्या गटात दोन वर्षांनंतर ७१.८ टक्के रुग्ण हयात होते. दुसऱ्या गटात ५१.५ टक्के. रोगाचा नेमका संदेश ठाऊक असूनही तो तोडण्याचे शस्त्र बहुसंख्य रुग्णांत दुसऱ्या फळीसाठी राखून ठेवावे लागते, ही वस्तुस्थिती आहे.

भारतीय संदर्भ

वरील बहुतेक ज्ञान गौरवर्णीय रुग्णांच्या गाठींतून आलेले आहे. ते येथील वर्गात शिकविताना आणि येथील रुग्णाला लागू करताना एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. भारतीय त्वचेतील मेलॅनिनमुळे मेलॅनोमा येथे विरळ आहे. पण जो आढळतो तो पुष्कळदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली, म्हणजे सूर्यप्रकाश जवळजवळ न पोचणाऱ्या जागी होतो. या अग्रांगीय मेलॅनोमात बी-रॅफ व्ही-६००-ई चे प्रमाण कमी असते. त्याऐवजी गुणसूत्रांचे तुकडे वाढणे वा गळणे, सायक्लिन-डी-१ च्या प्रती वाढणे, आणि काही गाठींत केआयटी या ग्राहीचे उत्परिवर्तन हे बिघाड अधिक ठळक असतात. केआयटीवर इमॅटिनिबचा उपयोग होतो, परंतु तो मुख्यतः उत्परिवर्तन झालेल्यांत. केवळ प्रती वाढलेल्यांत तो जवळजवळ होत नाही. तळपायावरचा काळा डाग कुरूप किंवा जुनी इजा समजून दुर्लक्षिला जातो आणि नखाखालची काळी रेघ बुरशीची मानली जाते, त्यामुळे निदान होईपर्यंत ब्रेस्लोची मोजपट्टी बरीच खाली उतरलेली असते.

शल्कपेशी कर्करोगाच्या बाबतीत तर या भूमीचा स्वतःचा इतिहास आहे. काश्मिरात अंगाशी धरल्या जाणाऱ्या कांगडीच्या उष्णतेने पोटाच्या व मांड्यांच्या त्वचेवर होणारा कर्करोग परिचित आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये कमरेभोवती घट्ट नेसलेल्या धोतराच्या जागी होणाऱ्या त्वचाकर्करोगाची नोंद केली. येथे अतिनील किरणांचा प्रश्नच नव्हता. सततच्या घर्षणाने त्वचा सोलवटते, भरून येते, पुन्हा सोलवटते. जखम भरून आणणारे वृद्धिघटक आणि दाहजन्य द्रव्ये केराटिनपेशींच्या ईजीएफआरला विभाजनाचा आदेश देत राहतात. एरवी काही दिवसांत मागे घेतला जाणारा हा आदेश वर्षानुवर्षे उठविलाच जात नाही. प्रत्येक विभाजनागणिक चुकीची एक संधी वाढते. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड ड्व्होरॅक यांनी १९८६ मध्ये अर्बुदाची तुलना न भरणाऱ्या जखमेशी केली होती. या रुग्णांत ती तुलना शब्दशः खरी ठरते.

ही बाब इतिहासजमा झालेली नाही. वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील वैद्यकांनी २०२४ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात दोन वृद्ध ग्रामीण स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. एक परकराची नाडी कमरेवर आवळून बांधीत असे. दुसरी अनेक वर्षे परकराविना लुगडे घट्ट नेसत आली होती. दोघींच्याही कमरेच्या बाजूची जखम दीड ते दोन वर्षे भरून आलेली नव्हती, आणि दोघींतही तपासणीअंती शल्कपेशी कर्करोग निघाला. त्यांपैकी एकीत निदानसमयी तो जांघेतील लसिका ग्रंथींपर्यंत पोचलेला होता.